भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील थोर भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. सातव्या शतकातील याच नावाच्या गणितज्ञापासून वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांना भास्कराचार्य द्वितीय असे म्हणतात. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय या चार भागांचा सिद्धान्तशिरोमणी हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. चक्रवाल पद्धती, तात्कालिक गती व कुट्टक या विषयांतील कामगिरीमुळे त्यांचे नाव जगभर घेतले जाते. तथापि लीलावतीच्या उत्तरार्धात त्यांनी विहिरी, तळी, विटांचे ढीग, लाकडाचे ओंडके व धान्याच्या राशी यांचे माप काढण्याचे जे नियम दिले, तेही तितकेच महत्त्वाचे आहेत. विहिरीच्या वरच्या व खालच्या मापांवरून तिचे घनफळ अचूक कसे काढावे आणि खळ्यावरील राशीत किती धान्य आहे हे केवळ दोरीने कसे ठरवावे, याचे मार्गदर्शन त्यात आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राबरोबरच या घनमापनाचा विशेष परामर्श घेतला आहे.

जन्म, कुळ व गाव

भास्कराचार्यांनी आपल्याविषयीची मोजकी माहिती गोलाध्यायाच्या अखेरीस स्वतःच नोंदवली आहे. त्यानुसार त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे शके १०७२ (इ.स. ११५०) मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणीची रचना केली. त्यांचे गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते व तेच भास्कराचार्यांचे गुरू. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड असल्याचे ते सांगतात. या गावाच्या निश्चितीबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. विजापूर, बीड व चाळीसगावजवळचे पाटण (पाटणे) अशी निरनिराळी स्थाने सुचवली गेली आहेत. पाटण येथे सापडलेल्या शिलालेखामुळे निदान त्यांच्या वंशजांचा या परिसराशी असलेला संबंध निर्विवादपणे सिद्ध होतो.

हे कुळ पिढ्यान्‌पिढ्या विद्याव्यासंगी होते. पाटणच्या शिलालेखात त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर व भास्कराचार्य अशी वंशपरंपरा दिली आहे. यांपैकी भास्करभट्टांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून आपल्या दरबारी नेले, तर नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे प्रमुख ज्योतिषी झाले. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा वंशही ज्योतिषविद्येत पुढे आला. बहाळ येथील शके ११४४ च्या शिलालेखात त्या शाखेतील अनंतदेवाचा उल्लेख आहे.

तत्कालीन परिस्थिती

भास्कराचार्यांचा जन्म झाला तेव्हा दख्खनच्या मोठ्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि सहावा विक्रमादित्य गादीवर होता. त्यांच्या हयातीतच चालुक्यांचे बळ ओसरत गेले व उत्तरेकडे देवगिरीच्या यादवांचा उदय झाला. दक्षिणेकडे करवीर अर्थात कोल्हापूर परिसरात शिलाहारांचे राज्य होते. त्यांच्यापैकी गंडरादित्याने मिरज प्रांतातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव बांधवून त्याच्या काठी शिव, बुद्ध व जिन यांची मंदिरे उभारली. पुढे सिंघण यादवाने शिलाहारांचा अखेरचा राजा दुसरा भोज याचा पन्हाळ्यावर पराभव करून करवीरचे राज्य यादवांच्या राज्यास जोडले. अशा रीतीने भास्कराचार्यांचा नातू ज्या राजाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याच राजाच्या अमलाखाली कोल्हापूरही आले.

तो काळ तळी, कुंडे, विहिरी व बारवा बांधण्याचा होता. पाणी साठवणे हे पुण्यकर्म मानले जाई आणि राजे, सामंत, व्यापारी त्यासाठी दाने देत. बांधकाम म्हटले की खोदाई आली आणि खोदाई म्हटली की तिचे माप आले. खोदणाऱ्याचे श्रम, निघालेली माती, लागणाऱ्या विटा व साठणारे पाणी यांचा हिशेब एकाच राशीवर अवलंबून असतो, ती म्हणजे घनफळ. लीलावतीतील व्यवहारगणिताचे प्रयोजन या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते.

लीलावती

लीलावती हा पाटीगणिताचा, म्हणजे अंकगणित व क्षेत्रमापनाचा ग्रंथ आहे. परिभाषा, मूलभूत परिकर्मे, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रव्यवहार, खातव्यवहार, चितिव्यवहार, क्रकचव्यवहार, राशिव्यवहार, छायाव्यवहार, कुट्टक व अंकपाश असे विषय त्यात क्रमाने येतात. नियम थोडक्या शब्दांत व छंदात असून प्रत्येक नियमामागोमाग उदाहरण येते. उदाहरणांत कधी बालिकेला, कधी सखीला, कधी मित्राला, तर कधी व्यापाऱ्याला संबोधून प्रश्न विचारलेला असतो.

ग्रंथाच्या नावाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आली आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा एकमेव शुभमुहूर्त साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडले होते. कुतूहलाने वाकून पाहताना तिच्या अलंकारातील मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, पाणी आत येणे थांबले आणि मुहूर्त टळून गेला. तिच्या सांत्वनासाठी पित्याने ग्रंथाला तिचे नाव दिले, अशी ही कथा आहे. मूळ ग्रंथात या कथेला आधार नाही. मात्र पात्राचे आकारमान, छिद्र व भरण्यास लागणारा वेळ यांचा मेळ हा त्या काळच्या कालमापनाचा पाया होता, हे या कथेतून लक्षात येते.

परिभाषा : अंगुळापासून खारीपर्यंत

मापनाच्या नियमांपूर्वी भास्कराचार्य एककांची कोष्टके देतात. ८ यवोदर म्हणजे १ अंगुळ, २४ अंगुळे म्हणजे १ हस्त, ४ हस्त म्हणजे १ दंड, २००० दंड म्हणजे १ क्रोश व ४ क्रोश म्हणजे १ योजन. लांबीच्या या एककांवरून घनमापाचे एकक सिद्ध होते. लांबी, रुंदी व जाडी प्रत्येकी एक हस्त असलेल्या बारा कडांच्या घनास घनहस्त म्हणतात. धान्याच्या मापनात याच घनहस्ताला मगध देशातील खारी असे नाव आहे. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा भाग प्रस्थ व प्रस्थाचा चौथा भाग कुडव होय.

या कोष्टकाचे वैशिष्ट्य असे की, त्यात लांबीची व धारणशक्तीची एकके एका सूत्रात बांधली आहेत. एका घनहस्तात २४ × २४ × २४ म्हणजे १३,८२४ घन अंगुळे होतात, आणि एका खारीत १६ × ४ × ४ × ४ म्हणजे १,०२४ कुडव होतात. त्यामुळे एक कुडव साडेतेरा घन अंगुळांचा येतो. माप भरून ओतत न बसता, केवळ लांबी-रुंदी-खोली मोजून पात्रात किंवा कोठारात किती मावेल हे सांगता येणे या जोडणीमुळे शक्य होते. आज एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर हे जे सूत्र शाळेत शिकवले जाते, त्यामागील विचार हाच आहे. हस्त सुमारे दीड फुटाचा धरल्यास एक घनहस्त सुमारे ९५ लिटर भरतो.

खातव्यवहार

खात म्हणजे खणलेला खड्डा. विहीर, तळे, कुंड, हौद, पेव हे सर्व खाताचेच प्रकार. त्याची तीन मापे म्हणजे दैर्घ्य (लांबी), विस्तार (रुंदी) व वेध (खोली). क्षेत्रफळाला वेधाने गुणले की घनफळ मिळते, हा समखाताचा नियम होय.

प्रत्यक्षात खणलेला खड्डा काटेकोर चौकोनी क्वचितच असतो. त्यासाठी भास्कराचार्य मध्यममापाचा नियम देतात. अनेक ठिकाणी रुंदी मोजावी, मापांची बेरीज करून ठिकाणांच्या संख्येने भागावे, लांबी व खोली यांचेही तसेच करावे. त्यांच्या उदाहरणात एका वेड्यावाकड्या खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी १०, ११ व १२ हस्त, रुंदी ६, ५ व ७ हस्त आणि खोली २, ४ व ३ हस्त आहे. सरासरी अनुक्रमे ११, ६ व ३ येते आणि घनफळ १९८ घनहस्त. किरकोळ अनियमिततेसाठी हा नियम पुरेसा आहे.

परंतु खड्डा वर रुंद व तळाशी अरुंद असेल, तर सरासरीने चूक होते. विहिरीच्या बाजू ढासळू नयेत म्हणून त्या उतरत्या ठेवल्या जातात, तेव्हा हा प्रकार नित्याचाच. त्यासाठी भास्कराचार्यांनी वेगळा नियम सांगितला. मुखाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि मुख व तळ यांच्या बाजूंच्या बेरजांपासून मिळणारे क्षेत्रफळ या तिघांची बेरीज करावी व तिला सहाने भागावे. येणारे समक्षेत्रफळ वेधाने गुणले की खरे घनफळ मिळते.

त्यांच्या उदाहरणातील वापी मुखाशी १२ हस्त लांब व १० हस्त रुंद, तळाशी त्याच्या निम्मी म्हणजे ६ व ५ हस्त आणि ७ हस्त खोल आहे. मुखाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, तर बाजूंच्या बेरजा १८ व १५ असल्याने त्यांचे क्षेत्रफळ २७०. तिघांची बेरीज ४२०. तिला सहाने भागता ७० येतात व सातने गुणता घनफळ ४९० घनहस्त होते.

नियमाची सत्यता विहिरीचे मनातल्या मनात तुकडे करून पडताळता येते. मधला ६ × ५ × ७ चा ठोकळा २१० घनहस्तांचा आहे. लांबीकडील दोन उतरत्या बाजू मिळून १०५ व रुंदीकडील दोन मिळून १०५ घनहस्त भरतात. उरलेले चार कोपरे एकत्र जोडले, तर ६ × ५ पायाचा व ७ उंचीचा एक मनोरा तयार होतो. त्याचे घनफळ ठोकळ्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ७०. सर्व मिळून बरोबर ४९० होतात.

सरासरी लांबी-रुंदी घेऊन हेच गणित केले, तर ९ × ७½ × ७ म्हणजे ४७२½ घनहस्त येतात. उलट, वरच्या व खालच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली, तर ७५ × ७ म्हणजे ५२५ येतात. एकाच विहिरीची तीन रीतींनी तीन उत्तरे आली. मोबदला घनहस्तावर ठरलेला असेल, तर पहिल्या रीतीने खोदणाऱ्याचे साडेसतरा घनहस्तांचे श्रम बुडतात आणि दुसऱ्या रीतीने खोदवणाऱ्याला पस्तीस घनहस्तांचा भुर्दंड पडतो. पाण्याच्या भाषेत बोलायचे, तर पहिली चूक सुमारे सोळाशे-सतराशे लिटरची व दुसरी त्याच्या दुप्पट आहे. नियमाचे व्यावहारिक मोल यातून ध्यानात येते.

हा विषय भास्कराचार्यांपूर्वीही हाताळला गेला होता. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ब्राह्मस्फुटसिद्धान्तात व्यावहारिक, औत्र व सूक्ष्म असे घनफळाचे तीन प्रकार सांगितले. सरासरी बाजूंवरून येणारे ते व्यावहारिक, सरासरी क्षेत्रफळांवरून येणारे ते औत्र. दोहोंतील फरकाचा तिसरा हिस्सा व्यावहारिकात मिळवला की सूक्ष्म घनफळ मिळते. वरील विहिरीत हा फरक ५२½ असून त्याचा तृतीयांश १७½ होतो. तो ४७२½ मध्ये मिळवता ४९० हेच उत्तर येते. दोन नियमांचे फळ एकच आहे. भास्कराचार्यांनी त्याला अधिक सुटसुटीत रूप दिले. बाजूंच्या बेरजांचे क्षेत्रफळ हे मध्यावरील छेदाच्या चौपट असते, म्हणून आजच्या स्थापत्यशास्त्रात मातीकामाच्या मोजणीसाठी वापरले जाणारे प्रिझमॉइडल सूत्र व लीलावतीतील नियम अशा आकारांसाठी एकच ठरतात.

सूचीखात म्हणजे तळाशी टोकदार होत जाणारा खड्डा. त्याचे घनफळ तेवढ्याच मुखाच्या व खोलीच्या समखाताच्या एक तृतीयांश असते. १२ हस्त बाजूच्या चौरस मुखाचा व ९ हस्त खोलीचा समखात १,२९६ घनहस्तांचा, तर तसाच सूचीखात ४३२ घनहस्तांचा होतो. १० हस्त व्यासाची गोल व ५ हस्त खोल विहीर ३९२ ७/१० घनहस्तांची, तर शंकूसारखी निमुळती असल्यास १३० ९/१० घनहस्तांची होते. येथे परिघ व व्यास यांचे गुणोत्तर ३९२७/१२५० असे सूक्ष्म घेतले आहे. स्थूल कामासाठी २२/७ हे गुणोत्तर त्यांनी दिले आहे.

मंदिरांच्या आवारातील पायऱ्यांच्या कुंडांना उतरत्या बाजूंचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे प्रत्येक टप्पा स्वतंत्र समखात मानून घनफळांची बेरीज करावी लागते.

हौद भरण्याचा काळ

घनफळाशी जोडलेला दुसरा प्रश्न हौद भरण्यास लागणाऱ्या वेळेचा. लीलावतीत अपूर्णांकांच्या प्रकरणात असे एक उदाहरण आहे. चार झरे एक वापी स्वतंत्रपणे अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या दिवसात, दिवसाच्या तृतीयांशात व षष्ठांशात भरतात. चारही एकदम सोडल्यास एका दिवसात ती १ + २ + ३ + ६ म्हणजे १२ वेळा भरेल, म्हणून एकदा भरण्यास दिवसाचा बारावा भाग लागेल. नळ व टाकीची जी उदाहरणे आजही शालेय गणितात आढळतात, त्यांची ही जुनी परंपरा होय.

विटा व लाकूड

चितिव्यवहारात विटांच्या ढिगाचा विचार आहे. ढिगाच्या घनफळाला एका विटेच्या घनफळाने भागले की विटांची संख्या मिळते आणि ढिगाच्या उंचीला विटेच्या उंचीने भागले की थरांची. १८ अंगुळे लांब, १२ अंगुळे रुंद व ३ अंगुळे उंच विटांचा ८ हस्त लांब, ५ हस्त रुंद व ३ हस्त उंच ढीग घेतल्यास एका विटेचे घनफळ ३/६४ घनहस्त, ढिगाचे १२० घनहस्त, विटा २,५६० आणि थर २४ होतात.

क्रकच म्हणजे करवत. क्रकचव्यवहारात लाकूडकामाचे माप घनफळावर नसून कापलेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावर आहे. बुंध्याशी २० व शेंड्याशी १६ अंगुळे असलेला १०० अंगुळे लांबीचा ओंडका चार ठिकाणी उभा कापला, तर सरासरी १८ × १०० × ४ म्हणजे ७,२०० चौरस अंगुळे होतात. त्यांना ५७६ ने भागता साडेबारा चौरस हस्त मिळतात. ज्या कामात श्रम कापण्यात खर्ची पडतात तेथे मापही कापाचेच घ्यावे, ही दृष्टी यामागे आहे.

राशिव्यवहार

खळ्यावर ओतलेल्या धान्याची रास शंकूच्या आकाराची असते. तिची उंची आत काठी खुपसल्याशिवाय मोजता येत नाही, पण परिघ दोरीने सहज मोजता येतो. धान्याच्या प्रकारानुसार रास किती उभट राहील हे ठरते, या निरीक्षणावर नियम आधारलेला आहे. जाड्या दाण्यांच्या राशीची उंची परिघाच्या दशांश, बारीक दाण्यांच्या राशीची अकरावा भाग आणि कुसळे असलेल्या धान्याची नववा भाग मानावी. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणावे. येणारे घनहस्त म्हणजेच तितक्या खारी.

परिघ ६० हस्त असेल, तर जाड्या धान्याच्या ६००, बारीक धान्याच्या ५४५ ५/११ व कुसळाच्या धान्याच्या ६६६ २/३ खारी होतात. एकाच घेराच्या दोन राशींत केवळ धान्याच्या जातीमुळे सव्वाशेच्या आसपास खारींचा फरक पडतो. राजभाग, देवस्थानचा हिस्सा किंवा सावकाराचे देणे राशीवरून ठरत असेल, तेथे धान्य कोणते हे न विचारता घेर मोजणे अन्यायाचे झाले असते.

भिंतीला टेकलेली रास अर्धी, आतल्या कोपऱ्यातील पाव व बाहेरच्या कोपऱ्याभोवतालची पाऊण असते. म्हणून मोजलेला परिघ अनुक्रमे २, ४ व ४/३ यांनी गुणून पूर्ण राशीचे घनफळ काढावे व त्याच संख्येने भागावे. ३०, १५ व ४५ हस्तांची उदाहरणे घेऊन तिन्ही ठिकाणी पूर्ण परिघ ६० येतो, हे भास्कराचार्यांनी दाखवले आहे.

या नियमात परिघ हा व्यासाच्या तिप्पट मानला आहे. सूक्ष्म गुणोत्तर घेतल्यास ६०० खारींऐवजी सुमारे ५७३ खारी येतात, म्हणजे स्थूल नियम शेकडा पाचाच्या आतबाहेर जास्त माप दाखवतो. विहिरीसाठी सूक्ष्म व राशीसाठी स्थूल गुणोत्तर असा भेद येथे दिसतो. राशीची उंचीच अंदाजाने घेतलेली असल्यामुळे तेथे परिघाची सूक्ष्मता निरर्थक ठरली असती.

गोलाचे पृष्ठफळ व घनफळ

वर्तुळाचे क्षेत्रफळ परिघ व व्यास यांच्या गुणाकाराच्या चतुर्थांशाइतके, गोलाचे पृष्ठफळ त्याच्या चौपट आणि पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की गोलाचे घनफळ, असे नियम लीलावतीत आहेत. ७ हस्त व्यासाच्या गोलाचे घनफळ त्यानुसार १७९ १४८७/२५०० घनहस्त येते.

गोलाध्यायावरील स्वतःच्या वासनाभाष्यात भास्कराचार्यांनी याची उपपत्ती दिली आहे. गोलाच्या पृष्ठावर लहान लहान पाया असलेले व केंद्राशी टोक असलेले असंख्य सूचीखात कल्पावेत. प्रत्येकाची खोली त्रिज्येइतकी व घनफळ पाया गुणिले त्रिज्येच्या तृतीयांशाइतके. सर्वांची बेरीज म्हणजे पृष्ठफळ गुणिले त्रिज्येचा तिसरा भाग, अर्थात व्यासाचा सहावा भाग. विहिरीच्या मापनातील सूचीखाताचा नियम अशा प्रकारे गोलाच्या मापनाचा आधार बनला.

पृष्ठफळाच्या प्रश्नावर त्यांनी पूर्वाचार्य लल्ल यांच्यावर परखड टीका केली. लल्लांच्या शिष्यधीवृद्धिदतंत्रावर भास्कराचार्यांनी स्वतः विवरण लिहिले होते व त्यांच्याविषयी त्यांना आदर होता. तरीही वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणून गोलाचे पृष्ठफळ काढण्याची लल्लांची रीत त्यांनी चुकीची ठरवली. पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने व व्यास १,५८१ १/२४ योजने धरून त्यांनी तिचे पृष्ठफळ ७८,५३,०३४ चौरस योजने काढले. लल्लांच्या रीतीने ते अब्जांच्या घरात जाते. गणितात पूर्वसूरींचे वचन नव्हे तर उपपत्ती प्रमाण मानावी, ही त्यांची भूमिका येथे प्रकर्षाने दिसते.

उत्तरायुष्य

शके ११०५ (इ.स. ११८३) मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षाच्या सुमारास, भास्कराचार्यांनी करणकुतूहल हा पंचांगगणितास उपयुक्त असा ग्रंथ रचला. त्यांच्या आयुष्यातील हा शेवटचा निश्चित सन होय.

पाटणचा मठ व शिलालेख

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापन केला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले. शके ११२८ चा उल्लेख असलेला हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात असून दानाचा तपशील तत्कालीन मराठीत आहे. त्यामुळे मराठीच्या प्राचीन कोरीव लेखांत त्याची गणना होते.

त्या मराठी भागात पाटणच्या बाजारातील विक्रीवरचे काही कर, सुपाऱ्या व तेलाच्या घाण्यांमागे पळीपळी तेल मठाला दिल्याची नोंद आहे. विशेष म्हणजे गावात जे काही मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावे आणि मापणावळीचा अर्धा वाटा मठाला व अर्धा मापाऱ्याला मिळावा, असेही त्यात ठरवून दिले आहे. खारी, द्रोण व आढकांची कोष्टके ज्यांनी शब्दबद्ध केली, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनाचा खर्च त्यांच्या मृत्यूनंतर गावच्या मापावर चालला. बाजारात येणाऱ्या सामान्य शेतकऱ्यासाठी हे माप म्हणजे भास्कराचार्यांच्या विद्येचे रोज हाती येणारे रूप होते.

टीका, भाषांतरे व वारसा

लीलावतीवर अनेक टीका झाल्या. त्यांपैकी कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांची बुद्धिविलासिनी (इ.स. १५४५) विशेष मान्यता पावली. मूळ ग्रंथात नियमांच्या उपपत्ती नाहीत, ती उणीव तिने भरून काढली. इ.स. १८१६ मध्ये टेलर यांचे लीलावतीचे इंग्रजी भाषांतर मुंबईत व इ.स. १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्र (इ.स. १८९६) या ग्रंथात भास्कराचार्यांच्या कार्याचा साक्षेपी आढावा घेतला. ना. ह. फडके यांचे लीलावती पुनर्दर्शन (इ.स. १९७१) हे पुस्तक मराठी वाचकांत सुपरिचित आहे. भारताच्या इ.स. १९७९ व १९८१ मध्ये सोडलेल्या उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले. पुण्यात इ.स. १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणितसंशोधन संस्था स्थापन झाली.

घनमापनाची गरज पुढील शतकांतही तशीच राहिली. कोल्हापूरजवळ पन्हाळगडावरील अंबरखान्यात गंगा, यमुना व सरस्वती ही धान्याची तीन कोठारे आहेत. त्यांतील गंगा कोठीची साठवण पंचवीस हजार खंडी असल्याचे परंपरेने सांगितले जाते. दशमान पद्धती येईपर्यंत शेर, पायली, मण व खंडी ही मापे महाराष्ट्रात घरोघरी चालत होती. एकके बदलली, तरी उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात पाणी किती मावेल याचा हिशेब आजही मुखाचे, तळाचे व मधले क्षेत्रफळ घेऊनच करावा लागतो, आणि वरखालची नुसती सरासरी घेणाऱ्याचे उत्तर आजही तितकेच चुकते.